लोक ऐकतात ते कशामुळे? (सत्ता, अधिसत्ता, अधिमान्यता)

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. समाजशास्त्र घ्या नाहीतर राज्यशास्त्र, पहिल्या वर्षाला तीन संकल्पना चुकत नाहीत: सत्ता, अधिसत्ता आणि अधिमान्यता. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरच्या मांडणीचं सार असं, की समोरच्याचा विरोध असला तरी आपलंच खरं करता येण्याची शक्यता म्हणजे सत्ता. आज्ञा दिली की ठरावीक माणसं ती पाळतील ही शक्यता म्हणजे अधिसत्ता. आणि 'यांना आज्ञा देण्याचा हक्क आहे' हा पाळणाऱ्यांचा विश्वास म्हणजे अधिमान्यता. इथपर्यंत ठीक.

मला अडतं ते पुढे. समजा एखाद्या संस्थेत, कारखान्यात किंवा अख्ख्या देशात सगळे निमूट आज्ञा पाळताहेत. तक्रार नाही, संप नाही, कुजबुज नाही. या शांततेमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. लोकांना ती व्यवस्था खरोखर पटलेली असेल. किंवा विरोध करून काही होत नाही हे इतकं अंगवळणी पडलं असेल की तो विचारच कुणाच्या मनात येत नसेल. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार. लोकांना विचारलं तर उत्तरही बहुधा एकच येणार, 'आमचं काही म्हणणं नाही.'

थोडे लोक पुष्कळांवर इतक्या सहज राज्य कसं करतात याचं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४१ च्या एका निबंधात मोठं नवल केलंय. बळ कायम राज्य केल्या जाणाऱ्यांच्याच बाजूला असतं, तेव्हा राज्यकर्त्याला आधार उरतो तो फक्त लोकमताचा, असं तो म्हणतो. मान्य. पण ते मत घडवलं कुणी?

पटणं आणि दबणं यांतला फरक ओळखायची काही कसोटी आहे का? ती नसेल तर अधिमान्यता ही संकल्पना बिनकामाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. जाणकारांनी लिहावं, अनुभव असतील तर तेही लिहावेत.

तर्कट

धागा चांगला आहे, पण वेबरवर थोडा अन्याय होतोय. अमुक राज्य योग्य की अयोग्य हा त्याचा प्रश्नच नव्हता. लोक ते योग्य मानतात का आणि कशाच्या जोरावर मानतात, एवढंच त्याला तपासायचं होतं. काही ठिकाणी 'पूर्वापार चालत आलंय' एवढं पुरतं, काही ठिकाणी एखाद्या माणसाचा करिष्मा लोकांना ओढतो, आणि आधुनिक नोकरशाहीत खुर्चीवरचा माणूस नियमाने नेमलाय हे पुरेसं ठरतं. २८ जानेवारी १९१९ च्या म्युनिकमधल्या व्याख्यानात त्याने राज्यसंस्थेची प्रसिद्ध व्याख्या केली, की ठरावीक भूप्रदेशात वैध (म्हणजे लोकांनी अधिमान्य केलेल्या) बळाचा वापर आपणच करणार हा दावा जो समूह यशस्वीपणे चालवतो ती राज्यसंस्था. तो दावा न्याय्य आहे का, याचा निवाडा वेबर तिथेही करत नाही.

पाठ्यपुस्तकांत हरवतं असं आणखी एक. लोक सवयीने, स्वार्थाने आणि भीतीनेही आज्ञा पाळतात हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. त्याचं म्हणणं एवढंच की कुठलीही अधिसत्ता तेवढ्यावर निर्धास्त बसत नाही. आपल्याबद्दल विश्वास निर्माण व्हावा म्हणून ती धडपडतेच.

कोरा_कागद

@तर्कट, म्हणजे शिकवून-पढवून निर्माण केलेला विश्वासही त्याच्या हिशेबात विश्वासच ना? मग माझी अडचण आहे तिथेच आहे.

तर्कट

हो. आहे तिथेच आहे.

सांजवारा

मी परिचारिका आहे, शस्त्रक्रियागृहात काम करते. आज्ञा पाळणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहावंसं वाटलं.

रक्तस्राव सुरू झाला की सर्जन 'क्लॅम्प' (रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा) म्हणतात आणि क्लॅम्प त्यांच्या हातात जातो. तिथे कुणी कारण विचारत नाही, विचारूही नये. पण त्याच सर्जननी कोणाची ड्यूटी कधी लावायची हे सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही, ते मेट्रन ठरवतात. अधिसत्तेला हद्द असते आणि ती हद्द आम्हा सगळ्यांना न सांगता माहीत असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी काढली. तिच्यानुसार चीर देण्याआधी सगळे थांबतात आणि खोलीतला प्रत्येक जण आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगतो. नवख्यांना वाटतं, सगळे एकमेकांना ओळखत असताना हे कशाला. पण ज्याने एकदा सगळ्यांसमोर तोंड उघडलंय, तो अर्ध्या तासाने 'सर, मोजणीत एक स्पंज कमी भरतोय' म्हणताना अडखळत नाही. स्पंज, म्हणजे रक्त टिपायचा बोळा, सापडेपर्यंत मी टाके घालू देत नाही. आणि सर थांबतात, चिडले तरी थांबतात. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यामुळे मला विचाराल तर, जी आज्ञा मी अडवू शकते तीच मला पटून पाळता येते.

भिंगरी

सांजवारा ताई, काय सुंदर लिहिलंय! शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

मुसाफिर

सांजवारा ताईंच्या पहिल्या मुद्द्याला तत्त्वज्ञ जोसेफ राझच्या सिद्धांताचा आधार आहे. १९८६ साली त्याने मांडलं, की माझ्यापुढे मुळातच असलेली कारणं मी स्वतः तोलत बसण्यापेक्षा तुमचं ऐकल्याने जास्त नीट साधत असतील, तर तुमची अधिसत्ता खरी. रुग्ण वाचवायला हवा हे कारण परिचारिकेपुढे आधीपासून आहेच. सर्जनचं ऐकल्याने ते अधिक चांगलं साधतं, म्हणून क्लॅम्पसाठी ऐकायचं. ड्यूटीच्या बाबतीत त्यांचं ऐकून काहीच साधत नाही.

यादीबद्दल एक भर. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची झाली, आणि तिथल्या १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. असं का झालं यावर तज्ज्ञांत वाद आहे. बऱ्याच जणांच्या मते, हुकूम आला म्हणून खुणा करणं आणि थांबून खरोखर बोलणं यांत फरक पडतो. भरलेली यादी दोन्हीकडे सारखीच दिसते. धागाकर्त्याची अडचण इथेही हजर आहे.

आडवाट

रुग्णालयाचं उदाहरण मनाला भिडतं, पण ते सोपं उदाहरण आहे. तिथे सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते. हितसंबंध एकमेकांविरुद्ध असतात तिथे बघा, मग या संकल्पनेची खरी परीक्षा होते.

सत्तेच्या अभ्यासात यावर मोठा वाद झालाय. रॉबर्ट डालने १९५७ मध्ये साधी व्याख्या केली, की 'ब' ने एरवी केली नसती अशी गोष्ट 'अ' त्याच्याकडून करवून घेत असेल तर 'अ' ची 'ब' वर सत्ता आहे. ती मोजायची तर उघड वादाचे निर्णय बघायचे आणि कोण जिंकलं ते मोजायचं. १९६२ मध्ये बाक्राक आणि बॅराट्झ यांनी विचारलं, की जे प्रश्न चर्चेला येऊच दिले जात नाहीत त्यांचं काय? सभेत हरणारा निदान दिसतो. ज्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर चढलाच नाही, तो कुठल्याच मोजणीत येत नाही. मग १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स आणखी एक पायरी खाली उतरला. लोकांच्या इच्छाच अशा घडवायच्या की तक्रार जन्मालाच येऊ नये, ही त्याच्या मते सत्तेची सगळ्यात पक्की तऱ्हा.

हे हवेतलं वाटत असेल तर मॅथ्यू क्रेन्सनचा १९७१ मधला अभ्यास बघा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ईस्ट शिकागो आणि गॅरी ही शेजारशेजारची शहरं. दोन्ही पोलादाची, दोन्हीकडे तोच धूर. ईस्ट शिकागोने हवा शुद्ध राखण्याचा नियम १९४९ मध्ये केला. गॅरीने केला १९६२ मध्ये. मधल्या १३ वर्षांचा फरक कशाने पडला? गॅरी हे शहरच यू. एस. स्टील कंपनीने १९०६ मध्ये वसवलेलं आणि नावही कंपनीच्या अध्यक्षाचं. क्रेन्सनला कंपनीने धमकी दिल्याचे किंवा जाहीर विरोध केल्याचे दाखले मिळाले नाहीत. प्रदूषणाच्या प्रश्नावर ती बहुतेक काळ गप्पच राहिली. पण तिचा दबदबाच एवढा, की विषय काढायलाच कुणी धजावेना. डालच्या पद्धतीने मोजलं तर इथे कंपनीची सत्ता शून्य भरते, कारण ना वाद झाला, ना कुणी हरलं.

त्या १३ वर्षांतल्या शांततेला संमती म्हणायचं? मला ते अजिबात मान्य नाही.

नीलाक्षी

आडवाट, क्रेन्सनचं उदाहरण मलाही पटतं. पण तुम्ही ल्यूक्सवर फार पटकन उडी मारलीत, आणि तिथे मला मनापासून हरकत आहे.

'लोकांच्या इच्छाच घडवल्या गेल्यात' असं म्हणणाऱ्याला आधी 'त्यांचं खरं हित मला कळतं' असं म्हणावं लागतं. कोण आहे तो? स्वतःचं हित न कळणारी माणसं म्हणून ज्यांच्याकडे बघितलं जातं ती बहुतेक वेळा गरीब, स्त्रिया आणि कष्टकरी असतात. दबलेला माणूस हा फसलेलाच असतो हे गृहीतक मला अपमानास्पद वाटतं.

जेम्स स्कॉटचं काम यासाठी मला फार मोलाचं वाटतं. १९७८ ते १९८० या काळात तो मलेशियाच्या केदाह राज्यातल्या एका भातशेतीच्या गावात राहिला. गावाचं खरं नाव त्याने दिलं नाही, पुस्तकात ते सेदाका आहे. पाटबंधाऱ्यामुळे वर्षाला दोन पिकं निघू लागली होती आणि मग कापणीची यंत्रं आली. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांची मजुरी गेली. बंड झालं नाही, मोर्चा निघाला नाही. मोठ्या जमीनदारांसमोर सगळे अदबीने वागत. पण भात लावणाऱ्या बायकांच्या टोळ्यांनी काय केलं? ज्यांनी कापणीला यंत्र आणलं त्यांच्या शेतात लावणीला जायला टाळाटाळ सुरू केली. 'येत नाही' असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. दुसरीकडचं काम हातात आहे, आज जमत नाही, अशी कारणं निघत राहिली. पाठीमागे श्रीमंतांच्या कंजूषपणाच्या गोष्टी रंगत. रात्री धान्याची पोती गायब होत. उघडपणे भांडलं तर उरलेलं कामही जाईल हे त्यांना नीट कळत होतं.

या बायकांच्या डोक्यात कुणी काही भरलं नव्हतं. गप्प का राहायचं याचा त्यांचा हिशेब पक्का होता. तेव्हा शांतता दिसली की 'यांना कळत नाही' हा निष्कर्ष काढण्याआधी त्यांच्या पाठीमागच्या गप्पा ऐकायला जा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आडवाट

नीलाक्षी ताई, हरकत रास्त आहे. तरी एक विचारतो. इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्रामशीने तुरुंगातल्या टिपणवह्यांत (१९२९ ते १९३५) धुरीणत्वाची (वरच्या वर्गाचे विचार सगळ्यांना आपलेच वाटू लागण्याची) कल्पना मांडली तेव्हा त्यानेही माणसाला बावळट मानलं नव्हतं. त्याच्या मते कष्टकऱ्याच्या डोक्यात दोन जाणिवा एकत्र नांदतात. एक त्याच्या कामातून आलेली, दुसरी वरून वारशात मिळालेली आणि न तपासता स्वीकारलेली. सेदाकाच्या बायका जमीनदाराला कंजूष म्हणत होत्या. पण जमीन त्याचीच कशी, हा प्रश्न त्या विचारत होत्या का? कंजूष म्हणजे वाईट जमीनदार. म्हणजे 'चांगला जमीनदार' ही कल्पना शाबूत राहिलीच की.

नीलाक्षी

यावर स्कॉटचं उत्तर मला पटतं. श्रीमंतांनी स्वतःच जो दानशूरपणाचा आव आणलेला असतो, त्याच मापाने त्यांना मोजलं तर त्यांना उत्तर देता येत नाही. प्रस्थापित विचारातली वचनंच त्याच्यावर उलटवता येतात. व्यवस्था बदलायची इच्छा नव्हती की शक्यता दिसत नव्हती, हे तुम्ही-मी इथे बसून ठरवू शकत नाही.

रानपाखरू

वाखु (वाचनखूण) साठवली. प्रतिसाद एकसे एक आहेत, सावकाश वाचणार.

भिंगरी

मिलग्रामच्या विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगाचं कुणी कसं नाव काढलं नाही? त्यात तर सिद्धच झालंय ना, की अंगात संशोधकाचा कोट असला की माणूस काहीही करवून घेऊ शकतो?

तर्कट

@भिंगरी, प्रयोग महत्त्वाचा आहे पण तो बहुतेकदा अर्धाच सांगितला जातो. पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला वाढत्या ताकदीचा विजेचा धक्का द्या, असं संशोधक सहभागींना सांगायचा. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले, हे खरं. पलीकडच्या माणसाला प्रत्यक्षात धक्का बसत नव्हता. पण मिलग्रामने प्रयोगाची रचना बदलून बदलून पाहिली, आणि खरा धडा तिथे आहे. संशोधक खोलीतून उठून फोनवरून सूचना देऊ लागला की शेवटपर्यंत जाणारे साधारण पाचात एक उरले. दोन संशोधक आपसात भांडू लागले तेव्हा शेवटपर्यंत कुणीच गेलं नाही. शेजारी बसलेल्या दोघा साथीदारांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी ४ जण शेवटपर्यंत गेले. संशोधकाचा कोट सगळीकडे तोच होता.

कचरणाऱ्या माणसाला पुढे रेटायला चार ठरीव वाक्यं होती. त्यांतलं 'प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं आवश्यक आहे' हे कामाच्या हेतूला हात घालतं. चौथं मात्र निव्वळ हुकूम होता, 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवं.' जेरी बर्गरने प्रयोगाची सौम्य आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ज्यांना ज्यांना हे चौथं वाक्य ऐकवण्याची वेळ आली, त्यांतलं कुणीही पुढे गेलं नाही. म्हणजे निव्वळ हुकूमशाही भाषा आली तिथे माणसं थांबली. विज्ञानासाठी चाललंय असं वाटत होतं तोवर चालत राहिली. आंधळेपणाने आज्ञा पाळण्यापेक्षा चुकीच्या जागी ठेवलेला विश्वास मला जास्त भीतीदायक वाटतो.

मूळ प्रयोगावर आक्षेपही आहेत. सहभागींना फसवलं गेलं, आणि काहींना धक्के खोटे असल्याचा संशय होता. पण वेगवेगळ्या रचनांमधला फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

खिडकी

मूळ प्रश्नाकडे वळतो. पटणं आणि दबणं बाहेरून सारखं दिसतं म्हणता, तर पूर्व जर्मनीतल्या १९८९ सालाकडे बघा.

७ मे १९८९ ला तिथे स्थानिक निवडणुका झाल्या. सरकारने जाहीर केलेला निकाल: अधिकृत यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के. मतदान व्हायचं कसं? मतपत्रिकेवर एकच यादी. ती मान्य असेल तर काहीच लिहायचं नाही, कागदाची घडी घालून पेटीत टाकायची. विरोध करायचा असेल तर पेन घेऊन आडोशाला जायचं आणि एकेक नाव खोडायचं. आडोसा ठेवलेला असायचा, पण तिकडे पावलं वळली की ते सगळ्यांना दिसायचं आणि त्याची नोंद होऊ शकायची. आडोसा ही गुप्ततेची जागा. तिथे जाणं हीच उघड कबुली ठरत होती.

त्या वेळी विरोधी गटांतले कार्यकर्ते अनेक केंद्रांवर मतमोजणीला हजर राहिले. त्यांच्या बेरजा आणि जाहीर निकाल जुळले नाहीत. पुढे ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले आणि ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. मे महिन्यातली 'संमती' वर्षअखेरपर्यंतही टिकली नाही. टिमुर कुरानने याचं चांगलं विश्लेषण केलंय. प्रत्येक जण मनातलं मत लपवतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत. थोडे लोक उघड झाले की पुढच्यांची भीती कमी होते, आणि मग बांध फुटतो.

टॅलकॉट पार्सन्सने १९६३ मध्ये सत्तेची तुलना पैशाशी केली होती. नोट चालते ती विश्वासावर. तिजोरीतलं सोनं मागायला सगळे एकदम आले तर कुठलीच बँक टिकत नाही. राज्यसंस्थेकडचं बळ हे ते सोनं. रोज सगळ्यांवर वापरता येईल एवढं ते कधीच नसतं.

हॅना आरेंटने १९७० मध्ये याच्याही पुढचं म्हटलं. तिच्या मते सत्ता आणि हिंसा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. माणसं एकत्र येऊन वागतात तेव्हा सत्ता असते. ती ओसरू लागली की राज्यकर्ता बंदुकीकडे वळतो. बंदुकीने तो आज्ञापालन मिळवेल, पण गेलेली सत्ता परत मिळवणार नाही. मला हे पूर्णपणे पटतं.

आडवाट

आरेंटचं वाचायला उदात्त वाटतं. पण तिच्या व्याख्येने गॅरीतली ती १३ वर्षं कशी समजवायची? ना बंदूक, ना एकत्र येणं.

खिडकी

बरोबर. तिथे ती अपुरी पडते.

सांजवारा

आडोशाची गोष्ट वाचून बराच वेळ विचार करत राहिले. आमच्याकडेही सूचनापेटी आहे. ती वरिष्ठांच्या दाराबाहेर लावलेली आहे.

मधुघट

थोडं विषयांतर. जिथे अधिकृत अधिसत्ताच नसते तिथलं काय? आम्ही काही जण एक वाचनगट चालवतो. अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, सगळे समान. तरी पुढचं पुस्तक कोणतं हे बैठकीआधी तिघा-चौघांच्या फोनवर ठरलेलं असतं. नवीन आलेल्याला हे कळायलाही वेळ लागतो. तक्रार कुणाकडे करायची तर पदाधिकारीच नाहीत. सत्तर सालच्या आसपास जो फ्रीमन या लेखिकेने अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांबद्दल नेमकं हेच लिहिलं. रचना नाकारली म्हणून रचना नाहीशी होत नाही, ती मैत्रीच्या जाळ्यात लपते, आणि लपलेल्या सत्तेला जाब विचारता येत नाही.

रोबेर्ट मिशेल्सने १९११ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून निष्कर्ष काढला होता, की संघटना झाली की मूठभरांची सत्ता आलीच. ही मूठभरांची सत्ता पदांशिवायही येते, हा माझा अनुभव.

भिंगरी

या धाग्यावर इतक्या वेळात कुणी कुणाचं ऐकलेलं दिसत नाही, म्हणजे इथे तरी मूठभरांची सत्ता नाही :)

गवाक्ष

मधुघट यांचा मुद्दा विषयांतर नाही. पदं आणि नियम असण्याचा फायदाच हा, की जाब विचारायला जागा मिळते.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज जॉर्ज ग्रोट याच्या संवैधानिक नैतिकतेच्या कल्पनेचा आधार घेतला होता. ती कल्पना या चर्चेच्या गाभ्याला भिडते. घटनेने आखलेल्या पद्धतीबद्दल परम आदर, त्या पद्धतीत राहून काम करणाऱ्या अधिकाऱ्यांचं आज्ञापालन, आणि त्याच वेळी त्याच अधिकाऱ्यांवर मोकळेपणाने, न कचरता टीका करण्याची सवय, हे सगळं ग्रोट एकत्र मागतो. आज्ञापालन आणि टीका एकाच माणसात, एकाच वेळी. ही भावना निसर्गतः येत नाही, ती रुजवावी लागते, असं बाबासाहेबांनी बजावलं होतं.

सांजवारा ताई सर्जनचं ऐकतात आणि स्पंजसाठी त्यांना अडवतात. ग्रोटने मागितलेली गोष्ट मला तिथे दिसते.

मुसाफिर

+१ गवाक्ष. याला पुरावाही आहे. टॉम टायलरने १९८४ मध्ये शिकागोतल्या १५७५ रहिवाशांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारले आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या ८०४ जणांना पुन्हा गाठलं. लोक कायदा पाळतात ते शिक्षेच्या भीतीपेक्षा पोलीस आणि न्यायालयं वैध वाटतात म्हणून, असं त्याला आढळलं. ती वैध वाटणं निकाल आपल्या बाजूने लागला का यापेक्षा आपल्याला नीट वागवलं का, आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, यावर जास्त अवलंबून होतं. खटला हरलेला माणूसही न्यायालयाला मानू शकतो, ते यामुळे.

तर्कट

टायलरच्या कामात एक धोका आहे. ऐकून घेतल्याचं नाटक करून निर्णय आपल्याला हवा तोच घेणाऱ्या संस्थेलाही लोक वैध मानू शकतील. ऐकलं जाणं आणि ऐकल्याने काही बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले दोन दिवस वाचतोय, आणि आता मूळ प्रश्नाबद्दल काही ठोस म्हणू शकतो.

पहिली मदत डेव्हिड बीथमची झाली. १९९१ मध्ये त्याने वेबरवर जो आक्षेप घेतला तो माझ्याच अडचणीवरचा आहे. एखादी सत्ता लोकांना वैध वाटते म्हणून ती वैध होत नाही, तर लोकांच्या मूल्यांच्या कसोटीवर ती समर्थनीय ठरते का, हे बघावं लागतं. नियमांनुसार चालते का, ते नियम दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या मूल्यांत बसतात का, आणि लोकांनी कृतीतून संमती दिलीय का, असं तो तपासतो. सेदाकाच्या बायका जमीनदारांना त्यांच्याच दानशूरपणाच्या मापाने मोजत होत्या तेव्हा बीथमची दुसरी तपासणीच करत होत्या. त्या हिशेबात जमीनदार नापास झाले होते, तोंडावरची अदब काहीही सांगो.

पण खरी कसोटी मला बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाकडे मिळाली. त्याचं तत्त्व असं, की एखाद्या सत्तेचं समर्थन लोकांनी स्वीकारलं असेल, पण तो स्वीकार त्याच सत्तेच्या जबरदस्तीने घडवला असेल, तर तो पुरावा म्हणून बाद. लोकांचं खरं हित काय, हे मला माहीत असायची गरज नाही, त्यामुळे नीलाक्षी ताईंची हरकतही बरीचशी सुटते. मी फक्त विश्वासाचा उगम तपासायचा. पूर्व जर्मनीचा ९८.८५ टक्क्यांचा आकडा बाद, कारण 'नाही' म्हणायच्या वाटेवर पहारा होता. गॅरीतली शांतता बाद, कारण ती कंपनीच्या दबदब्यातून आली. शस्त्रक्रियागृहातलं आज्ञापालन टिकतं, कारण तिथे अडवता येतं आणि अडवल्यावर सर्जन खरंच थांबतो. तर्कट यांनी दाखवलेल्या नाटकालाही उत्तर इथेच मिळतं: अडवल्याने एकदा तरी निर्णय बदललाय का, ते शोधा.

तर्कट

उत्तम. तरी एक गाठ राहतेच. शाळेत, घरात, पंथात लहानपणापासून घडलेला विश्वास कोणत्या रकान्यात टाकणार? तिथे जबरदस्ती कुठे संपते आणि संस्कार कुठे सुरू होतो? त्या उगमाचा शोध घेताना बाहेरचा माणूस पुन्हा न्यायाधीश होऊन बसणार.

नीलाक्षी

तो शोध बाहेरच्याने घ्यायची गरज नाही. विल्यम्सच्या मांडणीत तो प्रश्न त्या माणसांनी स्वतःलाच विचारायचा आहे: 'मी हे मानतो ते कशामुळे, हे मला समजलं, तर मी ते मानत राहीन का?' तो विचारायला लागणारी माहिती आणि मोकळीक त्यांना मिळू दिली जाते का, एवढं मात्र बाहेरून बघता येतं. पुस्तकं बंद असतील, प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढलं जात असेल, सोडून जायची वाट अडवली असेल, तर उत्तर काय येतं याची वाट बघत बसायचं कारण नाही. या तीन गोष्टी मोकळ्या असून माणूस तिथेच राहत असेल, तर मला ते आवडो न आवडो, मी त्याला संमतीच म्हणेन.

आडवाट

हे मान्य. मात्र हे सगळं, जिथे आज्ञा देणारा कुणीतरी आहे, तिथपर्यंतच पुरतं. फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोने १९७५ मध्ये शिस्तीबद्दल जे लिहिलं त्यात आज्ञा देणारा शोधूनही सापडत नाही. वेळापत्रक आहे, परीक्षा आहे, नोंदवही आहे, सरासरीशी केलेली तुलना आहे, आणि माणूस स्वतःच स्वतःवर नजर ठेवतो. तिथे विल्यम्सचा प्रश्न कुणाच्या जबरदस्तीबद्दल विचारायचा? त्यावर वेगळा धागा काढतो. नीलाक्षी ताई, तिथे या, तुमच्याशी बरंच भांडायचंय.

नीलाक्षी

येते. धागा काढलात की दुवा इथे द्या.